सलिव्हन बॉन, आयरीझ: एका आडनावाचा माग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नवरा बॉस्टनचा, आडनाव सलिव्हन. सासऱ्यांच्या आजोबांच्या पेटीतून एक घडीचा कागद निघाला आणि त्यावर फक्त ‘जेर. सलिव्हन बॉन, आयरीझ, कॉर्क’ एवढंच लिहिलेलं आहे. घरात सगळे समजत आले की ‘बॉन’ म्हणजे ‘बॉर्न’, लिहिणाऱ्याचा एक ‘र’ राहिला. मोठी मुलगी शाळेसाठी वंशवृक्ष करते आहे. तिला हवंय ते हे: आडनावाचा अर्थ काय, मागे ‘ओ’ होता का, सगळे सलिव्हन एकाच घराण्याचे का, आणि दुकानात मिळतं ते घराण्याचं मानचिन्ह (कोट ऑफ आर्म्स) आपलंच का.

मी आयर्लंडमध्ये, कॉर्कला राहते आणि सोळा वर्षं लोकांच्या घराण्यांचे कागद लावते. कागद वाचला आणि खुर्चीत सरसावून बसले. बॉस्टनच्या बोलीत ‘र’ गळतोच, त्यामुळे घरच्यांचा समज अगदी साहजिक आहे. पण बॉन म्हणजे जन्मलेला नव्हे. तो आयरिश शब्द आहे, म्हणजे गोरा, पांढुरक्या केसांचा. ते तुमच्या घराण्याचं दुसरं आडनाव आहे, आणि पहिल्यापेक्षा जास्त मोलाचं. तिकडे येतेच, आधी पहिलं.

मूळ आयरिश रूप ‘ओ सूलेवॉन’. ‘ओ’ म्हणजे नातू, व्यापक अर्थाने वंशज. (मुलगा असेल तर ‘मॅक’.) इंग्रजी कारकुनांनी त्या ओ-मागे स्वल्पविरामासारखं टिंब टांगलं आणि लोकांना वाटू लागलं की तो ‘ऑफ’चा तुकडा आहे. तसं काही नाही. ‘ओ सूलेवॉन’ म्हणजे सूलेवॉन नावाच्या माणसाचे वंशज. हा माणूस दहाव्या शतकातला धरतात. त्याच्या नावात ‘सूल’ म्हणजे डोळा आहे, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. पुढच्या अक्षरांवरून वाद आहे: कुणी काळ्या डोळ्यांचा म्हणतं, कुणी एकाक्ष, कुणी ससाण्याच्या नजरेचा. मला स्वतःला काळ्या डोळ्यांचा हा अर्थ जवळचा वाटतो, कारण आयर्लंडभर माणसांना रंगावरून आणि डोळ्यांवरून नावं पडलेली दिसतात. आपल्याकडे काळे, गोरे, घारे ही आडनावं आहेतच की.

घराण्याची एक दंतकथाही आहे, मुलीला नक्की आवडेल. पूर्वज एओखी एका डोळ्याचा होता. स्कॉटलंडहून लावॉन नावाचा एक द्रुइद (ख्रिस्तपूर्व धर्माचा पुजारी) आला आणि त्याने दान म्हणून नेमका तो उरलेला डोळा मागितला. पाहुण्याला नाही म्हणणं म्हणजे अब्रू गेली. एओखीने डोळा काढून दिला. मग संत रुआन यांनी प्रार्थना केली आणि द्रुइदाचे डोळे यजमानाच्या खोबणीत आले. त्यावरून ‘सूल लावॉन’, लावॉनचा डोळा. भाषाशास्त्र म्हणून हे टिकत नाही, पण दानशूरपणाला हे लोक किती मानत होते ते यातून कळतं.

आता मूळ गाव. तुमच्या कागदावर कॉर्क आहे म्हणून सगळे सलिव्हन कॉर्कचे असं धरू नका. हे लोक मुळात टिपरेरीचे, शुअर नदीकाठच्या सुपीक सपाटीतले. मन्स्टर प्रांताच्या एओगनाख्त राजघराण्याची ही एक शाखा, आणि नॉकग्रॅफन हे त्यांचं ठाणं. ११९२ मध्ये नॉर्मन सरदारांनी नॉकग्रॅफनला मातीचा उंच टेकाड-किल्ला उभारला. तो टेकाड अजून उभा आहे, त्यावर मेंढ्या चरतात. सलिव्हन तिथून हलले ते नैऋत्येच्या डोंगराळ, खडकाळ किनाऱ्याकडे. काळ्या मातीची जमीन गेली आणि वाट्याला समुद्र आला. १२६१ मध्ये केनमेअरजवळ कॅलन इथे मॅकार्थी या आयरिश घराण्याच्या बाजूने लढून त्यांनी फिट्झजेराल्ड या नॉर्मन घराण्याचा मोठा पराभव केला, आणि तो कोपरा पुढे साडेतीनशे वर्षं आयरिश सरदारांच्या हातात राहिला.

तिथे घराणं दोन मुख्य पात्यांमध्ये फुटलं. केरीत, केनमेअरच्या खाडीवर डन्केरॉनच्या किल्ल्यात ओ'सलिव्हन मोर, म्हणजे थोरली पाती. दक्षिणेला बेअरा द्वीपकल्पावर, डनबॉयच्या किल्ल्यात ओ'सलिव्हन बेअर. आयरीझ हे बेअरातलं गाव, तेव्हा तुम्ही धाकट्या पातीच्या मुलखातले.

या धाकट्या पातीची गोष्ट मुलीच्या वंशवृक्षात आली नाही तर मला वाईट वाटेल. १५८०-९० च्या दशकात इथे भाऊबंदकी पेटली. काका ओवेन जुन्या आयरिश रिवाजाने, म्हणजे भावकीने निवडलेला, नाईक झालेला. पुतण्या डॉनल कॅम याने इंग्रजी कायद्याचा आधार घेतला, मी थोरल्या भावाचा मुलगा म्हणून वारस मी. १५९३ मध्ये लंडनने वाटणी केली. डनबॉय पुतण्याला, बँट्रीकडचा भाग काकाच्या घराला. जो इंग्रजी कायद्याने किल्ला मिळवून बसला, तोच डॉनल आठ वर्षांनी इंग्रजांविरुद्ध उठला, आणि काकाचं घर इंग्रजांच्या बाजूने राहिलं. तेव्हा पूर्वज कुठल्या बाजूला होते हे नुसत्या आडनावावरून ठरवता येत नाही. ते दोन्हीकडे होते.

जून १६०२ मध्ये डनबॉय पडलं. आत १४३ माणसं होती, बाहेर हजारोंची फौज. जवळच्या डर्सी बेटावर बायकामुलांची कत्तल झाली. ३१ डिसेंबरला डॉनल ग्लेनगॅरिफहून उत्तरेकडे निघाला, बरोबर सुमारे १००० जण, त्यातले लढणारे ४००, बाकी बायका, मुलं, नोकरचाकर. भर हिवाळा. वाटेत जवळजवळ प्रत्येक सरदाराने हल्ला केला. शॅनन नदी ओलांडायला नावा नव्हत्या, तेव्हा घोडे मारून त्यांच्या कातड्याच्या होड्या केल्या आणि मांस खाल्लं. दोन आठवड्यांत चारशे किलोमीटर तुडवून लेट्रिमला ओ'रुर्क या सरदाराच्या दारात पोचले तेव्हा उरले होते ३५. डॉनल स्पेनला गेला आणि १६१८ मध्ये माद्रिदमध्ये मारला गेला. आज त्याच वाटेवर बेअरा-ब्रेफ्नी नावाची पायवाट आखलेली आहे, लोक सुट्टीत ती चालतात. पहिल्या दिवसाचा टप्पा मी चाललेली आहे, चांगले बूट घालून, पाठीवर डबा घेऊन. मूल कडेवर घेऊन बायका तोच टप्पा बर्फात कशा चालल्या असतील याची कल्पना मला संध्याकाळपर्यंत करवेना.

मग ‘ओ’ कुठे गेला? सतराव्या-अठराव्या शतकात जमिनी गेल्या, कारभार इंग्रजीत आला, आणि ‘ओ’ लावणारा माणूस मागासलेला, गावंढळ ठरू लागला. तो बहुतेकांनी स्वतः टाकला, कुणी हिसकावून घेतला असं नाही. १८६६ मध्ये आयर्लंडातल्या सलिव्हनांपैकी फक्त ४ टक्के लोक ‘ओ’ लावत होते. भाषा आणि स्वराज्याची चळवळ वाढली तसे आकडे चढले: १८९० मध्ये १३ टक्के, १९१४ मध्ये २०, १९४४ मध्ये ६०. तुमच्या नवऱ्याचे पूर्वज ‘ओ’ गळालेला असताना जहाजात बसले, म्हणून अमेरिकेत सलिव्हन जास्त आणि इथे ओ'सलिव्हन जास्त. दोन वेगळी घराणी नाहीत. कागद शोधताना दोन्ही स्पेलिंगं टाका, एकाच माणसाची बाप्तिस्म्याची नोंद एका रूपात आणि लग्नाची दुसऱ्या रूपात सर्रास सापडते.

आज हे आडनाव कुठे आहे? १८९० च्या जन्मनोंदींवरून काढलेल्या अंदाजात आयर्लंडात ४३,६०० सलिव्हन होते, मर्फी आणि केली यांच्या खालोखाल तिसरे. मर्फी आणि केली ही आडनावं वेगवेगळ्या प्रांतांत स्वतंत्रपणे तयार झालेली आहेत, म्हणून त्यांची संख्या फुगलेली दिसते. सलिव्हन मात्र जवळजवळ सगळे एकाच मुळाचे. सुमारे ८० टक्के फक्त कॉर्क आणि केरी या दोन परगण्यांत होते. एकाच कोपऱ्यात एवढी दाटी असलेलं आडनाव विरळा. अजूनही केरीत शाळेच्या हजेरीपटावर ओ'सलिव्हनांची रांग लागते. बाहेर अमेरिकेत लाखाहून अधिक, मग इंग्लंड, साउथ वेल्स, ऑस्ट्रेलिया, कॅनडा.

साउथ वेल्समध्ये आणि अमेरिकेतल्या मोंटानात सलिव्हन पोचले याचं कारण एकच, तांबं, आणि ते तुमच्याच गावाशेजारचं. आयरीझच्या पुढच्या डोंगराआड अ‍ॅलिहीज आहे. तिथे १८१२ च्या सुमारास तांब्याच्या खाणी सुरू झाल्या. खनिज वितळवायला समुद्रमार्गे साउथ वेल्समधल्या स्वान्सीला जायचं, आणि त्या बोटीच्या वाटेने माणसंही गेली. शतकाच्या उत्तरार्धात इथल्या खाणी मंदावल्या तेव्हा बेअराचे खाणकामगार आधी मिशिगनच्या तांबेपट्ट्यात आणि तिथून मोंटानातल्या ब्यूटला पोचले. ब्यूटच्या अ‍ॅनाकोंडा खाणीचा मालक मार्कस डेली हा कॅव्हनचा आयरिशच. १८७० ते १९१५ या काळात आयरीझच्या पॅरिशमधून (एका चर्चच्या हद्दीतून) सुमारे १७०० लोक बाहेर पडले, त्यातले ११०० हून अधिक ब्यूटला गेले. १९०८ मध्ये त्या एका शहरात सुमारे १२०० सलिव्हन होते! समुद्रकाठच्या एका पॅरिशचं गाव जवळजवळ जसंच्या तसं रॉकी पर्वतात जाऊन वसलं.

म्हणून माझा तुम्हाला पहिला प्रश्न हाच: बॉस्टनच्या आधी घरात कुणी कधी ‘मोंटाना’ किंवा ‘खाण’ असे शब्द उच्चारले होते का? आजोबांना श्वासाचा त्रास होता का? खाणीच्या धुळीने फुप्फुसं गेलेले कितीतरी जण किंवा त्यांच्या विधवा नंतर पूर्वेकडे नातेवाइकांकडे परतल्या.

आयर्लंडच्या मोठ्या बटाटा-दुष्काळातली एक वेगळी वाटही सांगून ठेवते, कारण बरेच केरीचे सलिव्हन तिथून आले. केनमेअरजवळच्या लॅन्सडाउन इस्टेटीचा कारभारी ट्रेंच याने १८५० च्या सुरुवातीला उपाशी कुळांना जहाजाचं भाडं देऊन अमेरिकेला पाठवलं. त्याने स्वतः साडेचार हजारांच्या आसपास आकडा लिहून ठेवला आहे. त्यातले बरेच न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स या बकाल वस्तीत उतरले. आयरिश स्थलांतरितांसाठी १८५० मध्ये निघालेल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेत सही न येणाऱ्या खातेदारांची ओळख पटावी म्हणून कारकून विचारून लिहायचे: गाव कोणतं, पॅरिश कोणती, कुठल्या जहाजाने आलात, आईचं माहेरचं आडनाव काय, भावंडं किती. पैसे सांभाळण्यासाठी केलेली ती नोंद आज माझ्यासारखीला सोन्यासारखी आहे.

आता बॉन. बेअरातल्या एका गावात वीस घरं असली तर पंधरा सलिव्हन असायची. पोस्टमनने काय करावं? म्हणून प्रत्येक पातीला जोडनाव होतं. बॉन म्हणजे गोरे, रुआ म्हणजे तांबड्या केसांचे, आणि अशी आणखी कितीतरी. हे गमतीचं टोपणनाव नव्हतं, ते बापाकडून मुलाकडे जायचं आणि जमिनीच्या कागदांवर चढायचं. सलिव्हन बॉनची मुलगी सलिव्हन रुआच्या घरात दिली तर कुणालाही चुलत्यात लग्न झालं असं वाटायचं नाही. अमेरिकेच्या बंदरात उतरल्यावर बहुतेकांचं हे जोडनाव गळालं. तुमच्या जेरने ते कागदावर लिहून ठेवलं. घरी परत पत्र घालायचं असेल तर ते कुठल्या दारी जायला हवं, हे त्याला पक्कं माहीत होतं.

नावांची अडचण याहून मोठी. इथे पहिला मुलगा वडिलांच्या वडिलांच्या नावाचा, दुसरा आईच्या वडिलांच्या, अशी रीत होती. आजोबांचं नाव नातवाला ठेवणं आपल्याला नवीन नाही, पण इथे ती रीत काटेकोर पाळली गेली. एका जेरेमायाला पाच मुलगे झाले तर पाचही घरांत पहिला नातू जेरेमाया सलिव्हन, आणि सगळ्यांचा जन्म दहा वर्षांच्या आतला. सुरुवातीच्या वर्षांत मी एका कुटुंबाला अशाच एका डॅनियलचा बाप्तिस्मा शोधून दिला. वडिलांचं नाव जुळलं, आईचं जुळलं, साल जुळलं. दोन वर्षांनी त्यांना एक जुनं पत्र सापडलं आणि कळलं की तो त्यांच्या पणजोबांचा चुलतभाऊ होता. तोवर त्यांनी दुसऱ्याच घराच्या उंबऱ्यापाशी उभं राहून फोटो काढले होते. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून मी बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईवडिलांइतकंच लक्ष साक्षीदार धर्ममातापित्यांच्या नावांकडे देते. ते बहुतेक वेळा सख्खे मामा, आत्या, काका असतात, आणि त्यांच्यावरून पाती कळते.

जेर म्हणजे जेरेमाया, पण घरात त्याला कुणी जेरेमाया म्हटलं नसेल. तो आयरिशमध्ये डिअर्मुड. कॉर्क-केरीत डिअर्मुडचा इंग्रजीत जेरेमाया झाला, टाइगचा टिमथी, एओगनचा यूजीन, कॉनरचा कॉर्नीलियस, शिवॉनची जोहाना. पॅरिशच्या वह्या कधी लॅटिनमध्ये, तिथे तो जेरेमियस. अमेरिकेत तो कागदोपत्री जेरी किंवा डॅरबीसुद्धा होऊ शकतो. या सगळ्या रूपांनी शोधा.

शोधायचं कुठे? १९२२ च्या जूनमध्ये डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयाच्या इमारतीच्या आगीत सरकारी दफ्तरखाना जळाला. त्यात १८२१ ते १८५१ च्या जनगणना जवळजवळ सगळ्या गेल्या. पुढच्या चार तर सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. १९०१ आणि १९११ च्या शाबूत आहेत आणि राष्ट्रीय दफ्तरखान्याच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. सरकारी जन्म-मृत्यू नोंदी १८६४ पासून, त्याही फुकट. कॅथलिक पॅरिशच्या वह्यांची छायाचित्रं राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये खुली केली.

पण तुमच्यासाठी सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे १८४७ ते १८६४ मध्ये झालेली ग्रिफिथची जमीन मोजणी. तिला इथला सातबारा समजा: कुळाचं नाव, मालकाचं नाव, क्षेत्र, आकारणी, टाउनलँडनुसार. टाउनलँड म्हणजे वाडीएवढी सर्वांत लहान हद्द, देशात अशा साठ हजारांवर आहेत. एकाच टाउनलँडमध्ये दोन जेरेमाया सलिव्हन असतील तर मोजणीदार कंसात ओळख घालतो, कधी बापाचं नाव, कधी ‘बॉन’. आणि यानंतरच्या फेरतपासणीच्या वह्या म्हणजे अगदी आपली फेरफार नोंद. दर वेळी कारकून वेगळ्या रंगाच्या शाईने जुनं नाव खोडून नवं लिहितो. माझ्यासमोर उघडलेल्या एका पानावर जेरेमाया लाल शाईने खोडला आहे, वर जोहाना, काही वर्षांनी जोहाना निळ्या शाईने खोडली आहे, वर डॅनियल. नवरा गेला, विधवेने सांभाळलं, मुलगा मोठा झाला. एका ओळीत वीस वर्षं.

मानचिन्हाचं उत्तर छोटं आहे. मानचिन्ह व्यक्तीला मिळतं, आडनावाला नाही. दुकानातलं चिन्ह एखाद्या सरदाराचं होतं. भिंतीवर आवडलं तर लावा, पण वंशवृक्षात ‘आमचं’ म्हणून घालू नका.

डीएनए चाचणीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी कुणीतरी सुचवेलच. नवऱ्याची वाय-गुणसूत्राची चाचणी उपयोगी पडू शकते, कारण दक्षिण मन्स्टरच्या जुन्या घराण्यांमध्ये ‘आर-सीटीएस ४४६६’ ही शाखा मोठ्या प्रमाणावर आढळते. पण ती प्रांत सांगेल, दार नाही. आधी कागद, मग थुंकी.

मुंबईचा दुवा आहे का, असंही तुम्ही शेवटी विचारलं होतं. तुमच्या घराण्याचा नाही, आडनावाचा आहे. लॉरेन्स सलिव्हन हा मूळचा आयरिश मानला जाणारा माणूस १७४० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईत होता, मुंबईच्या कौन्सिलवर बसला आणि १७५८ मध्ये लंडनला कंपनीचा अध्यक्ष झाला. कंपनीच्या फौजेत सामान्य आयरिश शिपाईही पुष्कळ होते. त्यांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं ब्रिटिश लायब्ररीतल्या इंडिया ऑफिसच्या नोंदींत आहेत, मुंबई इलाख्याची मालिका ‘एन ३’.

आणि मुलीला एक नाव नक्की सांगा. हेलन केलरला शब्द शिकवणारी अ‍ॅन सलिव्हन ही दुष्काळातून पळालेल्या लिमरिकच्या आईवडिलांची मुलगी, १८६६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्येच जन्मलेली. लहानपणी खुपऱ्यांनी तिची स्वतःची दृष्टी जवळजवळ गेली होती. ज्या आडनावात डोळा आहे, त्या आडनावाची ही बाई मला या सगळ्या सरदारांपेक्षा जवळची वाटते.

आता कामाचं. त्या कागदाचे दोन्ही बाजूंचे फोटो चांगल्या उजेडात काढा, घडीच्या रेषांवर तिरपा प्रकाश पाडून, कारण पेन्सिलीने लिहिलेली टाउनलँडची नावं नेमकी घडीवर पुसट होतात. सासऱ्यांना त्यांच्या आजोबांच्या भावंडांची नावं जन्माच्या क्रमाने विचारा. पहिल्या दोन मुलग्यांवरून आपल्याला दोन्ही आजोबा मिळतील. मृत्युपत्रिका किंवा थडग्याचा फोटो असेल तर पाठवा.

वंशवृक्षावर मुलीने स्वतःचं आडनाव आयरिशमध्ये लिहायचं ठरवलं तर वडिलांचं जसंच्या तसं उतरवू नका. मुलगा ‘ओ’ लावतो, मुलगी ‘नी’ लावते आणि पुढचा ‘स’ मऊ होऊन ‘ह’ होतो. लग्न करून घरात आलेल्या बाईसाठी ‘ई’. म्हणजे तिच्या बाबांचं ओ सूलेवॉन, तुमचं ई हूलेवॉन, आणि तिचं नी हूलेवॉन. तीन माणसं, तीन रूपं, घर एकच. आणि जेरच्या नावापुढे ‘बॉन’ ठळक लिहायला सांगा.